कागदावरची माय

देवाजीच्या घरातला नात्यांचा घोळ काही आजचा नव्हता. त्याची पोट्टी मयुरा बापाला भाऊ म्हणायची, आईला वहिनी म्हणायची आणि आत्याला माय. नवा माणूस घरात आला की पहिली पाच मिनिटं नुसता तोंडं पाहत बसायचा. वस्तीला मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आत्या जयवंता दिवसभर घरात. तिच्या हाका भाऊ जेवून घे, वहिनी पाणी आलं, अशा सकाळपासून चालू. लेकराच्या कानावर जे पडलं तेच त्याच्या तोंडी बसलं. यात कोणाचा दोष काढता?

भाऊ आणि वहिनी आपसूक बसलं, पण माय तसं बसलं नव्हतं. ते सुमतीनं बसू दिलं होतं. जयवंता ही देवाजीची धाकटी बहीण, उमरेडला दिलेली. नवऱ्यानं तिला टाकून दुसरी केली आणि ती एक लोखंडी पेटी घेऊन माहेरी आली, तेव्हा सुमतीला सातवा महिना होता. बाळंतपणानंतर दोनच महिन्यांत सुमती गांधीबागेतल्या दुकानात साड्यांच्या घड्या करायला परत गेली, कारण तिसरा महिना उजाडेपर्यंत शेठ थांबणार नव्हता. पोरीला मांडीवर घेऊन वाटीनं दूध पाजलं, तिचे दात येतानाचे ताप काढले, ते सगळं जयवंतानं. एकदा सुमती कामावरून आली तर दारात रांगणारी पोर जयवंताच्या पदराला लोंबकळून "मा, मा" करत होती. जयवंता चोरी पकडल्यागत घाबरली. आत्या म्हण वं, आत्या, असं घाईघाईनं शिकवायला लागली. सुमतीलाच भरून आलं. ती म्हणाली, "राहू द्या बाई. तुमच्या कानाले तेवढंच."

झालं. अकरा वर्षं तसंच चाललं आणि कोणाचं काही अडलं नाही. मयुराला आपली खरी आई कोण हे पक्कं ठाऊक होतं, शाळेच्या कागदावर ती सुमती हेच नाव लिहायची. पण घरात भूक लागली की माय, आणि दुकानातून काही आणलं का हे विचारायचं असलं की वहिनी.

घर नाल्याच्या कडेला, विणकरांच्या जुन्या वस्तीत. एक खोली आणि मागं पत्र्याखाली स्वयंपाक. सासऱ्याच्या वेळी खोलीत माग होता. मागाखालचा खड्डा देवाजीनं मलबा टाकून बुजवला होता, तरी तिथली फरशी दर पावसाळ्यात बसायचीच. देवाजीनं माग कधी चालवला नाही. दुसऱ्यांनी विणलेल्या कापडाच्या गठाणी ठेल्यावर लादून तो गांधीबागेत या गल्लीतून त्या गल्लीत ओढायचा. नवराबायको एकाच बाजारात राबायचे, पण दिवसभर एकमेकांची गाठ पडायची नाही.

त्या वर्षी मयुराची पाचवी संपली. वस्तीतली शाळा पाचवीपर्यंतच. पुढची शाळा रेल्वे फाटकापलीकडे, तीही भरली तर भरली. शेजारची काजल दोन वर्षांपूर्वी तिकडे जायला लागली होती. सहा महिन्यांत जाणं बंद झालं आणि आता ती आपल्या आईबरोबर भांडी घासायला जात होती. मयुराच्या वर्गाच्या बाईंनी देवाजीला बोलावून सांगितलं, की खाप्याजवळ एका संस्थेची मुलींची निवासी शाळा आहे, शहरातल्या वस्त्यांमधल्या मुली घेतात, राहणं-खाणं-पुस्तकं सगळं त्यांच्याकडे. पोरगी हुशार आहे, अर्ज भरा. देवाजीनं पोरीचं नाव, वय, पत्ता एवढाच अर्ज भरला, बाकीचं घर पाहायला येणारी बाई लिहिणार होती, आणि घरी येऊन दोन दिवसांनी सांगितलं. महत्त्वाची गोष्ट दोन दिवस पोटात ठेवायची त्याची रीतच होती.

एप्रिलात घर पाहायला संस्थेच्या मोनाली मॅडम आल्या. त्या दिवशी सुमतीनं अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली, पण ऑटो चौकात अडकला आणि ती पोचली तेव्हा अर्धं बोलणं होऊन गेलं होतं. काय बोलणं झालं ते पुढं तिनं जयवंताला आणि मयुराला दहादा विचारून घेतलं. मॅडमनं दारात जयवंताला पाहून विचारलं, या कोण? मयुरा म्हणाली, माही माय. मॅडमनं जयवंताला मिस्टरांचं विचारलं. जयवंतानं मान खाली घातली आणि खरं तेच सांगितलं, त्यांनी टाकलं मले, बारा वर्षं होतीन. मॅडमनं मुलीचं वय पाहिलं, अकरा. मनातल्या मनात हिशोब केला, तोंडानं च्च् केलं आणि लिहिलं. घरात आणखी कोण? जयवंता म्हणाली, भाऊ हाय, वहिनी हाय. तेही खरंच.

तेवढ्यात सुमती घामानं निथळत दारात आली आणि मयुरा ओरडली, वहिनी आली. मॅडमनं हसून नमस्कार केला. म्हणाल्या, बरं झालं तुम्हीही भेटलात, मुलगी बाहेर राहायला जाणार, तुमची काही हरकत नाही ना? सुमतीला जरा नवल वाटलं. आईला असं कोणी विचारतं का, हरकत नाही ना म्हणून? पण शिकलेल्या बाईची विचारायची पद्धत असेल, असं समजून ती नम्रपणे म्हणाली, "माही कायची हरकत मॅडम?" मॅडमनं तेही लिहून घेतलं. घरातलं एक माणूस खोटं बोललं नव्हतं, आणि कागद मात्र डोक्यापासून पायापर्यंत चुकला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात देवाजीच्या फोनवर यादी आली. मयुरानं मोठ्यानं वाचली. तिचं नाव होतं. नावापुढं होतं, एकल मातेची मुलगी. त्यापुढं, आईचं नाव जयवंता.

आधी देवाजीला हसू फुटलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "घ्या, म्हंजे मी पोट्टीचा मामा झालो," म्हणाला. मयुराही हसली. सुमतीही हसली, सगळे हसतात म्हणून. जयवंता तेवढी हसली नाही. ती कापडाच्या काठांचे सुटे धागे कापायचं काम घरी आणायची. कात्री तशीच हातात धरून ती त्या फोनकडे पाहत राहिली. मग मयुरानं विचारलं, एकल माता म्हणजे काय, आणि देवाजीनं सांगितलं, एकटी बाई. त्यावर कोणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुमतीनं दुकानाच्या मागच्या जिन्यात बसून मोनाली मॅडमला फोन लावला. दुकानात घड्या करताना पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर कापड उडतं. जिन्यात निदान वारा होता. तिनं सगळा घोळ सांगितला. भाऊ म्हणजे बाप, वहिनी म्हणजे मी, माय म्हणजे नणंद. दोनदा सांगून मॅडमला कळलं नाही. तिसऱ्यांदा कळलं.

मग त्यांनी सावकाश समजावलं. मयुराला जागा मिळाली होती ती एकट्या बायांच्या मुलींसाठी ठेवलेल्या दहा जागांमधली. आई-बाप दोघं असलेल्या मुलींची यादी वेगळी, ती मार्चमध्येच भरली. नाव दुरुस्त केलं की ही जागा गेली. सुमतीनं विचारलं, मंग पुढच्या वर्षी? मॅडम म्हणाल्या, प्रवेश फक्त सहावीलाच असतो.

"एक विचारू का?" मॅडम म्हणाल्या. "मुलीला लहानपणापासून जयवंताबाईच सांभाळतात, हे तर खरंय ना?"

"खरं हाय."

"मग तसं लिहून द्या. मुलगी त्यांच्याकडे सांभाळायला दिलेली आहे, पालक त्याच. एकटी बाई पालक असली तरी नियमात बसतं. पण मग सगळीकडे त्यांचीच सही राहील. भेटीच्या कार्डावर फोटोही त्यांचाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी आत जायला मिळतं ते फक्त कार्डवाल्या माणसाला, हे आधीच सांगून ठेवते."

एकोणीस तारखेला, सोमवारी, दुपारी बारापर्यंत हजर व्हायचं होतं. नाही झालं तर प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी आत. हातात बारा दिवस होते.

ते बारा दिवस सुमतीच्या डोक्याचं भरीत झालं. साडी टेबलावर पसरायची, काठाला काठ जुळवायचा, हाताची फणी फिरवून सुरकुती काढायची, चार घड्या, पुठ्ठा, चिठ्ठी. हात चालायचे पण मन जागेवर नव्हतं. दोन वेळा तिनं काठ उलटा आत घातला आणि मॅनेजरनं सगळ्यांसमोर साडी झटकून दाखवली, हे बघा, सुमतीबाईंची नवी फॅशन. बाया खाली मान घालून हसल्या. एरवी तिनं उत्तर दिलं असतं, पण त्या दिवशी नुसतीच साडी ओढून घेतली.

शेजारच्या टेबलावरच्या बाईला तिनं हळूच सांगितलं, पोट्टीला बोर्डिंगमध्ये टाकायचा विचार आहे. ती बाई लगेच म्हणाली, "बोर्डिंगमंदी? काहून, बाप नाही का तिले?" आणि त्याच आठवड्यात शेठाणी दुकानात आल्या तेव्हा गिऱ्हाइकाला सांगत होत्या, आमची लेक बोर्डिंगला आहे, डोंगरात, फार छान वातावरण, मुलं कशी स्वतंत्र होतात. गिऱ्हाईक वा वा करत होतं. सुमतीला कळेना, की एकच शब्द एका तोंडी मिरवायचा आणि दुसऱ्या तोंडी लपवायचा, हे कसं. तिला शेठाणींना विचारावंसं वाटलं, की तुमच्या लेकीच्या कार्डावर फोटो कोणाचा आहे. विचारलं नाही, हे काय सांगायला पाहिजे?

घरी देवाजीला विचारावं तर तो म्हणे, तू म्हणशीन तसं. दोन माणसांना न हलणारी गठाण तो एकटा पाठीवर घेई, पण हा कागद त्याला उचलत नव्हता. सुमती चिडली. म्हणाली, बाप तुमी हाव का मी? तो म्हणाला, कागदावर तं कोणीच नाही. थट्टा केली आणि थट्टा करून स्वतःच केविलवाणा झाला, अंगणात जाऊन ठेल्याच्या चाकात तेल घालत बसला. चाक कुरकुरत नव्हतं तरी घालत बसला.

जयवंतानं तर सरळ नाही म्हटलं. भाकरी थापत होती, थापताना थांबली नाही.

"मी नाही येत वहिनी. एका घरातून मले काढलं. आता तुमच्या घरात तुमच्या जागेवर बसू काय? लोकं म्हणतीन, नवऱ्यानं टाकली अन् भावाची पोट्टी लाटली."

"लोकायले काय ठावं हाय?"

"लोकायचं सोडा. मले स्वतःले ठावं हाय ना," जयवंता म्हणाली. "तिकडं सही केली, अन् माह्या मनाले ते गोड वाटलं, तं मी काय करू?"

खरं सांगायचं तर सुमतीला रागच आला. इतकं खरं कशाला बोलावं माणसानं? आपण अकरा वर्षांपूर्वी मोठ्या मनानं देऊन टाकलं, तेव्हा ही बाई ते इतकं जपून ठेवील असं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि लगेच दुसरं वाटलं, की जपून ठेवलं म्हणून तर पोर धड वाढली. एका मनाला दुसरं मन पटेना.

पोरीचं म्हणाल तर तिची रोज वेगळी तऱ्हा. एक दिवस ती शाळेनं पाठवलेली सामानाची यादी खोलून बादली, मग, ताट, दोन चादरी अशी मोजत बसे. दुसऱ्या दिवशी म्हणे, पोटात दुखून राहिलं, मी नाही जात. तिसऱ्या दिवशी सुमतीनं तिची वेणी घालताना सहज विचारल्यासारखं विचारलं, सही कोणी करावी असं तुले वाटते?

"कोणीबी करा ना वहिनी," मयुरा म्हणाली. "मले तं शाळंत जायचं हाय."

तिनं ते वाईट अर्थानं म्हटलं नव्हतं. अकरा वर्षांची पोर, तिच्यासाठी सही म्हणजे सही. पण सुमतीनं वेणी इतकी ओढून घातली की पोर कळवळली.

शनिवारी सकाळी टँकर आला. जयवंताचे गुडघे धरलेले, म्हणून पाण्याला मयुराच जायची. सुमती कामावर निघाली होती. कोपऱ्यावर वळता वळता तिनं मागं पाहिलं. मयुरा रांगेत पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या डबक्या घेऊन उभी होती, आणि नाल्यापलीकडचे दोन मोटारसायकलवाले रांगेभोवती गाडी फिरवत होते. काही करत नव्हते, नुसते फिरवत होते. रांगेतल्या मोठ्या बाया शिव्या देत होत्या आणि ते हसत होते. तिसऱ्या चकरेला मागं बसलेल्यानं मयुराच्या डबकीला पायानं ढोसलं. डबकी लवंडली. मयुरानं वर पाहिलं नाही, खाली वाकली, डबकी सरळ केली आणि अंग चोरून उभी राहिली. सुमतीला ते अंग चोरणं ओळखीचं होतं. काजलही शाळेत जाणं बंद व्हायच्या आधी तशीच उभी राहायला लागली होती.

ती तशीच मागं फिरली. पोरांवर धावून गेली तोवर गाडी निघून गेली होती. तिनं दोन्ही डबक्या भरून घेतल्या, घरी आणून ठेवल्या आणि जयवंताला म्हणाली, "बाई, उठा. लुगडं बदला. चौकात जाऊन तुमचा फोटो काढून आणू."

जयवंतानं तिच्याकडे पाहिलं. यावेळी नाही म्हणाली नाही. त्या दिवशी सुमतीचा अर्धा दिवस गेला आणि मॅनेजरचं तोंड संध्याकाळपर्यंत चालू राहिलं.

सोमवारी चौघं खाप्याच्या बसमध्ये बसले. पेटी जयवंताचीच, उमरेडहून आलेली. देवाजीनं तिला निळा रंग मारून वर मयुराचं नाव काढून आणलं होतं. ऊन तापलं होतं, आभाळ भरून यायचं आणि तसंच कोरडं राहायचं. मयुरा खिडकीशी बसली आणि कन्हान नदी दिसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. नदीत पाणी थोडं आणि वाळू फार होती. ती दिसल्यावर मात्र म्हणाली, इथं पोहता येते का? देवाजी म्हणाला, पाय टाकशीन तं तंगडं तोडीन. यावर सगळ्यांना बरं वाटलं.

शाळा गावाच्या अलीकडेच होती. लांबट बैठी इमारत, रंग नवा, आवारात मोठी निमाची झाडं, सतरा-अठरा नळांची ओळ. नळाला पाणी होतं. सुमतीनं एक नळ उघडून पाहिला आणि लगेच बंद केला. इतकं पाणी असलेल्या जागेत पोरगी राहणार, हे पाहून तिला पहिल्यांदा मनापासून हायसं वाटलं.

ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. सोबत पत्र्याची पेटी होतीच. ती कामठीहून आली होती. तिनं आपणहून सांगितलं, आमचं नाव यादीत पहिलंच आहे, कोणी नाही आलं तर आमचं होईल. बारा वाजेपर्यंत थांबा म्हटलंय. तिनं जयवंताकडे पाहिलं, सुमतीकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्यात आई कोण? सुमती बोलणार, तोच देवाजीनं पेटी आपटल्यासारखी खाली ठेवली. ती बाई स्वतःच पुढं म्हणाली, "माह्या पोरीचा बाप तं तिचं तोंड पाहाच्या आधीच गेला. दुसरीकडं नांदते." जयवंतानं सुमतीचा हात धरला आणि कानाशी म्हणाली, "वहिनी, हे जागा तिची होय."

सुमतीला ते कळत होतं, नव्हतं असं नाही. समोर बसलेली बाई खोटी नव्हती, तिची पोर खोटी नव्हती. आणि आपली मयुराही खोटी नव्हती, टँकरवरची ती मोटारसायकलही खोटी नव्हती. हे सगळं एका वेळी खरं असलं तर माणसानं करावं काय, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं जयवंताचा हात सोडवून घेतला नाही, उलट तोच धरून ती ऑफिसात शिरली.

आत अधीक्षिका बाई होत्या, चष्मा लावलेल्या, बोलायला मऊ. मोनाली मॅडमनं त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी छापील कागद पुढं सरकवला आणि आपण होऊन वाचून दाखवला. मी माझी मुलगी कुमारी मयुरा हिला स्वखुशीने श्रीमती जयवंता यांच्याकडे सांभाळण्यास दिली असून यापुढे शाळेच्या कामकाजात त्याच पालक राहतील.

सुमतीनं पेन हातात घेतलं. सातवी शिकलेली होती, सही सुंदर करायची. पण पेन कागदावर टेकेना.

"मॅडम, हा एक शब्द खोडता येते का?"

"कोणता?"

"स्वखुशीने."

अधीक्षिका बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची इच्छा नाही का? जबरदस्ती असेल तर मला घेता येणार नाही."

"जबरदस्ती नाही मॅडम. मले कबूल हाय. पण खुशी नाही. कबूल म्हणून लिहा ना."

बाईंना तिचं म्हणणं कळलं असावं, पण कागद छापील होता आणि त्यात कबूल हा शब्द कुठंच नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, तेवढं बदलता नाही येणार हो. भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटं कमी होती. दाराच्या फटीतून कामठीच्या बाईच्या चपला दिसत होत्या.

सुमतीनं सही केली. तिच्याखाली देवाजीनं आपलं नाव अक्षर-अक्षर जोडून लिहिलं. मग जयवंताची पाळी. ती सही कमीच करायची. जयवंतातला ज दोनदा झाला. अधीक्षिका बाई म्हणाल्या, चालेल. कार्डावर फोटो चिकटवला, शिक्का मारला. बाहेर येऊन शिपायानं कामठीच्या बाईला सांगितलं, भरलं. तिनं पेटीची एक कडी स्वतः धरली, दुसरी मुलीला धरायला लावली आणि दोघी फाटकाकडे गेल्या. सुमती तिकडे पाहू शकली नाही.

खाट लावून द्यायला फक्त पालकानं आत यायचं होतं. देवाजीनं बादली-पेटी आतल्या दारापर्यंत नेऊन दिली आणि तिथं थांबला. मयुरा सुमतीच्या पाया पडली. सुमतीला तिला छातीशी घ्यायचं होतं, पण हातात शाळेचे कागद होते आणि मागं दुसऱ्या मुलींची रांग होती. तिनं नुसता तिच्या वेणीवरून हात फिरवला. "चालली मी वहिनी," मयुरा म्हणाली, आणि जयवंताच्या मागं आत गेली. सुमती निमाखाली येऊन बसली.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. देवाजी बिडी पेटवायला फाटकाबाहेर जाऊन आला. सुमती आत काय चाललं असेल ते मनात जुळवत राहिली. खाट लावत असतील. चादर जयवंताच घालेल, तिला कोपरे चांगले दाबता येतात. पोर रडत असेल तर माय, माय म्हणूनच रडत असेल, आणि जयवंता तिला पोटाशी घेत असेल. इतकी वर्षं तिला या बाईचा असा हेवा कधी वाटला नव्हता. आज वाटला, आणि वाटला म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली.

जयवंता आली ती डोळे लाल करून. तशीच चालू लागली. परतीच्या बसमध्ये देवाजी मागं बसला, दोघी पुढं. बस पाटणसावंगीपर्यंत आली तरी जयवंता खिडकीबाहेरच पाहत होती. शेवटी सुमतीला राहवेना. तिनं विचारायला सुरुवात केली. खोलीत किती पोरी आहेत? खाट खिडकीजवळ आहे का भिंतीकडं? पंखा खाटेच्या वर येतो का? पेटीला कुलूप लावायला जागा आहे का? जयवंता म्हणाली, नाही पाहिलं. ध्यान नव्हतं वहिनी.

सुमतीचा संताप झाला. आत जायला मिळालं कोणाला, आणि त्या बाईनं खिडकीसुद्धा पाहिली नाही. ती बोलणारच होती. पण जयवंतानं तोंड तिच्याकडे वळवलं आणि तिचा चेहरा पाहून सुमती थांबली.

"बाजूच्या खाटंवरच्या पोरीनं तिले विचारलं," जयवंता म्हणाली. "हे तुझी आई का? तं मयुरा म्हणे, नाही, आत्या हाय. माझी आई बाहेर झाडाखाली बसली हाय."

"आई म्हटलं?"

"आई म्हटलं. शाळंतल्या पोरीवानी, साफ. अन् मले आत्या."

बस खड्ड्यातून गेली, दोघी एकमेकींवर आपटल्या आणि सावरल्या. सुमतीला आनंद व्हायला पाहिजे होता. अकरा वर्षांत जे कानावर पडलं नव्हतं ते पडलं होतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. आनंद झालाही, इतका झाला की तिला तो लपवायला पदर तोंडाला लावावा लागला. आणि पदराआडून तिनं पाहिलं, तर जयवंता मांडीवर ते कार्ड धरून बसली होती, आपल्याच फोटोवर अंगठा ठेवून.

"पहिल्या रविवारी तुमीच जाजा बाई," सुमती म्हणाली.

"जाईन ना. कार्डच माह्यं हाय तं जावंच लागन," जयवंता म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण मी गेली तं ते मले हाक काय मारन वं वहिनी?"

सुमतीनं मागं वळून देवाजीकडे पाहिलं. त्याला झोप लागली होती. बस नागपूरच्या रस्त्याला लागली, कंडक्टर तिकीट तिकीट करत आला, सुमतीनं तिघांचे पैसे दिले आणि जयवंताचं तिकीट तिच्या मांडीवरच्या कार्डावर ठेवलं.